सरळ डोळ्यावरची पट्टी

ऑलिव्हची तोडणी चालू होती तेव्हा सलूहाचं पत्र आलं होतं. आता बदामाची फुलंही गळाली, तरी लमीनकडून उत्तर गेलं नव्हतं.

स्फॅक्स शहरातल्या दवाखान्यात तिरळ्या मुलांना नजरेचे व्यायाम शिकवण्यात त्याचा जन्म गेला. सलूहाची मुलगी आरवा ही त्याच्या हाताखालची शेवटची पोर. तिला पट्टी आणि व्यायाम नेमून देऊन तो निवृत्त झाला, मायलेकी गावी परतल्या. 'काहीच फरक नाही, सोडून देऊ का?' असं सलूहाने विचारलं होतं. सोडा म्हणावं, तर पोर सात वर्षांची होत आलेली. आणखी उशीर झाला तर तिरळा डोळा पाहायला शिकणार नाही. करत राहा म्हणावं, तर कशाच्या बळावर? आपल्या व्यायामांनी कुणाचं भलं झालं की मुलं आपोआप सुधारली, हेच त्याला हल्ली कळेनासं झालं होतं.

"दादा, पत्रावर बसून अंडी उबवतोयस का?" बहीण झुबैदा चहा ठेवत म्हणाली. "आण इकडे, मी वाचते."

ती वाचू लागली. "'पट्टी रोज बांधते. पोर गुणाची, कुरकुर नाही. पट्टी बांधून धडा वाचते, सुईत दोरासुद्धा ओवते.' बघ, मला अजून जमत नाही."

"थांब. पट्टी बांधून ओवते?" लमीन हळूच म्हणाला. "चांगला डोळा झाकला की अधू डोळ्याने धड दिसत नाही. पोरं आधी धडपडतात, पट्टी ओरबाडतात."

"मग सलूहाने वाकडाच झाकला असणार. मीही तेच केलं असतं. तसला डोळा चारचौघांत उघडा ठेवतं का कुणी? लग्नाच्या वेळी गावाला बरोब्बर आठवतो."

"कोणता झाकायचा ते मी सांगितलं होतं."

"सांगितलं असशील. घरी सासू असते, दादा."

त्याला हायसं वाटायला हवं होतं. चूक व्यायामांची नव्हती. पण पत्र त्याच्याकडे पडून राहिलं, त्यात अख्खा हिवाळा वाया गेला होता. त्याने कागद ओढला.

'सरळ डोळा झाका, वाकडा उघडा ठेवा. आरवा रडेल, तुमच्यावर चिडेल. पट्टी काढू नका. डोळा सरळ होईलच असं म्हणवत नाही, त्याला कदाचित शस्त्रक्रिया लागेल. आधी त्याला नीट दिसू द्या. गावाला दिसला तर दिसला. लवकरात लवकर तिला दवाखान्यात दाखवा.'

'कदाचित' त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं.

टपालपेटीपाशी तो रेंगाळला. पोर अजून वेळेत आहे की नाही, कोण सांगणार? टपालाची गाडी वळणावर दिसली, तेव्हा त्याने पाकीट आत सोडलं.