टोपलीला धरलेले हात

सिंधुबाईच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भिला भगतानं आधी चूळ भरली आणि तोंडाचा आ करून चारी बाजूंना दाखवला. मग देवाचे म्हणून मूठभर ज्वारीचे दाणे तोंडात टाकले, काहीतरी पुटपुटला आणि बाईच्या उजव्या खांद्याला ओठ लावून असं चोखलं, की पुढे बसलेल्या पोरींनी डोळे मिटून घेतले. तळहातावर थुंकला, तर दाण्यांच्या लगद्यात बोटाच्या पेराएवढं हाड.

"गाडी नुसती घासाई गई," भगत म्हणाला. "इतलासा धक्कामा हाड मोडस का? हाई कोनी तरी करेल शे."

त्यानं नावही काढलं. पडल्यावर सिंधुबाईला ज्या बाईचा हात पहिला लागला, ती डाकीण. पहिला हात शेजारच्या मरियमचा होता. तिनंच सिंधुबाईला विसरवाडीच्या रस्त्यावरून उचलून माझ्याकडे आणलं होतं. उपकाराची अशी परतफेड मी आजवर पाहिली नव्हती.

मी या भागातला सरकारी डॉक्टर. अंगणातला प्रकार मी कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत पाहिला. त्यात सिंधुबाईही म्हणत होती, की हे दुखणं गाडीचं नाहीच. मी पाड्यावर जाऊन एक्स-रे दाखवला. म्हाताऱ्या दोधूनं तो उन्हात धरून नीट पाहिला आणि विचारलं, मोडलं ते दिसतंय साहेब, पण मोडलं कुणी? सगळ्यांनी माना डोलावल्या. मरियमला हातपंप बंद झाला. तिला गावाबाहेर काढायचंही ठरलं होतं. पोलीस येऊन गेल्यावर पंच म्हणाले, सिंधुबाईनं गाडीवाल्यावर आधीच दावा लावलाय, कोर्ट काय म्हणतं ते पाहू. दोष गाडीचा निघाला तर ठीक, नाहीतर मरियमनं गाव सोडायचं.

वर्षभरानं नंदुरबारच्या कोर्टात मी साक्षीला उभा राहिलो. मागच्या बाकावर अर्धा पाडा होता आणि दाराशी, एकटी, मरियम.

सिंधुबाईच्या वकील रंजनाताई. भगताचं म्हणणं खोडायला त्यांनी जपून ठेवलेलं ते चमत्काराचं हाड पुढे केलं. मी भिंगातून पाहिलं. पोकळ, हलकं, कोंबडीचं. एका टोकाला सुरीचा घाव आणि छिद्रांत पिवळा रंग मुरलेला. सिंधुबाईच्या खांद्यात हळद-मसाला कोण घालणार, असं मी म्हणालो तेव्हा मागे कुणीतरी हसलं. चूळ भरल्यानंतर तोंडात काय गेलं, तेही रंजनाताईंनी व्हिडिओ थांबवून दाखवलं. हाड दाण्यांच्या मुठीत होतं.

पण गाडीच्या विमा कंपनीचे वकील डगमगले नाहीत. भगत लबाड आहे, हे त्यांनाही मान्य होतं. त्यांनी माझाच केसपेपर वाचायला घेतला. "मोटारीचा किरकोळ धक्का. डॉक्टर, हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"किरकोळ धक्क्यानं हाड मोडतं?"

काळ्या कोटातला माणूस आणि भगत, दोघांचा प्रश्न एकच होता. मी एक्स-रेच्या दोन फोटोंकडे बोट केलं. अपघाताच्या दिवशी तुटलेल्या कडा धारदार होत्या, तीन आठवड्यांनी तिथे नवं हाड धरलं होतं. म्हणजे मोड ताजीच. वकील म्हणाले, ताजी असेल, पण ती गाडीनंच झाली कशावरून? बाई घरात पडली नसेल कशावरून? बाई कशी पडली, हे मी त्या दिवशी घाईत विचारलंच नव्हतं. दाराशी मरियमनं पदर तोंडाशी धरला. मला माझी लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत मी रंजनाताईंना गाठलं आणि बाईला एकच गोष्ट विचारा म्हणालो. न्यायाधीशबाईंनी सिंधुबाईला पुन्हा बोलावायची परवानगी दिली.

"गाडीचा आरसा लागला, तुम्ही पडलात. पडताना तुमचे हात कुठे होते?" रंजनाताईंनी विचारलं.

सिंधुबाई त्या प्रश्नानं गोंधळली. मग तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले.

"टोपलीलेच व्हतात. सीताफळं फुटी जातात ना, साहेब."

बाजाराचा दिवस होता, डोक्यावर पिकलेल्या सीताफळांची भरली टोपली होती. दुसरं कुणी हात टेकून सावरलं असतं. हिनं टोपली सोडली नाही, म्हणून अंगाचा आणि टोपलीचा भार एका खांद्यावर आला आणि गळ्याखालचं आडवं हाड मोडलं. धक्का लहान होता, पडणं लहान नव्हतं. भगत आला सहा आठवड्यांनी, हाड आपलं आपण जुळून आल्यावर. दुखणं ओसरलं, श्रेय त्यानं घेतलं.

"फळं फुटली का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"एकबी नई. मरियमनी येचीसन घर आनी दिधात."

आपण कुणाला डाकीण ठरवू दिलं, ते तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. ती मागे वळून दाराकडे पाहत राहिली.

निकाल महिन्याभरानं आला: इजा अपघातामुळेच. भिलावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली खटला सुरू आहे. पंचांनी हातपंप खुला केला. पण मरियम अजून पाण्याला सगळ्यांच्या शेवटी जाते, आणि सिंधुबाई आपली कळशी भरूनही तिच्यासाठी तिथे थांबते.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. दुखणं आलं, की जवळ कोण होतं हे शोधत बसू नका. काय घडलं, कसं घडलं, ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर मरियमचं एक वर्ष वाचलं असतं.