माझ्या रंगावर लागणारी जाळी

"आई, खरं सांग, तुझा जीव माझ्यावर जास्त की या जवावर?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून प्रयोगशेतावर नवे वाण घडवणाऱ्या बाईंच्या लेकीने एकदाचे विचारून टाकले. मैत्रिणी कुंपणाआड तोंड दाबून हसत होत्या. बाई मान वर न करता म्हणाल्या, "जवावर. तो उलट बोलत नाही."

मित्रांनो, हे माझ्याबद्दलच, असे समजून मी ताठ झालो. पण बाईंचा हात होता शेजारच्या ओळीवर!

मी जवाचा एक जुना वाण आहे. माझ्या टपोऱ्या ओंब्या बघायला या प्रयोगशेतावर लांबून माणसे यायची. वर डोंगरउतारावरच्या गावांत मात्र माझी डाळ शिजली नाही. तिथला उन्हाळा एवढासा! माझा दाणा दुधात असतानाच बर्फ पडायचे. म्हणून बाई लवकर पिकणारा वाण घडवू लागल्या आणि मी उरलो तुलनेपुरता. दरवर्षी नव्या ओळी माझ्याशेजारी पेरायच्या आणि माझ्याशी ताडून बघायच्या. तरी एक मान माझाच होता. मी पिवळा पडलो की लेकीचे बाबा पाखरांसाठी शेतावर जाळी पसरायचे.

यंदाची शेजारीण बुटकी, काटकुळी. पण मी हिरवागार असतानाच ही पिवळीधमक! "किती गुणाची गं माझी बाय!" बाई तिला म्हणायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. लेकही फणकारायची, "माझ्या वेणीला तरी कधी एवढा वेळ दिलास?" आमचे दोघांचे दुखणे एकच.

मग बाई चार दिवस वरच्या गावांना गेल्या आणि इकडे चिमण्या आल्या. आसपास पिकलेले दुसरे होतेच काय? थवेच्या थवे शेजारणीवर तुटून पडले. जाळी खोलीत घडी घालून पडलेली; मी हिरवा होतो ना अजून! मला तर आतून गुदगुल्या होत होत्या.

परतल्यावर बाईंनी ओळ कापून घेतली. मळणी झाली आणि त्यांचा चेहराच उतरला. "दाणाच भरला नाही हिचा. नुसती घाई केली. टाकून द्या."

"मग वरच्या गावांना काय सांगायचं?" बाबांनी विचारले.

"काय सांगणार? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

लेकीने एक ओंबी उचलली होती. गप्प बसली असती तर तिची सवत कायमची गेली असती! पण आईकडे बघून तिला राहवेना. "आई, ही ओंबी पोकळ नव्हती गं. फोडलेली आहे. ही टरफलं बघ, चोचीनं चिरलेली."

बाबांनी माझ्याकडे बघितले आणि जीभ चावली. "अरे देवा! आपण या आजोबांच्या पिवळं पडण्याची वाट बघत बसलो."

मित्रांनो, माझ्या मानापायी एका गुणी ओळीचा बळी जात होता आणि मी खुशीत डुलत होतो. जो लवकर पिकतो, त्याची राखणही लवकर करा. आणि कुणाचे कौतुक झाले तर माझ्यासारखे जळत उभे राहू नका. मी अजून थोडा जळतोच, ते सोडा.

लेकीने सांडलेले दाणे वेचून ओढणीच्या टोकात बांधले.

"आई, बाबा, माझं ठरलंय. पुढच्या हंगामात हिला मी पेरणार, या आजोबांच्या शेजारीच. आणि सुट्टीत मामाकडे जाणार नाही. इथे बसून चिमण्या हाकलणार."