पाणवठ्याची वाट

साक्षीचा फोन रोज दुपारी बाराच्या आत यायचा. वनरक्षक म्हणून नोकरीला लागून तिला सात महिने झाले होते. तिच्या जंगलात फक्त फाटकाजवळच्या टेकडावर रेंज मिळते, एवढं ताडकळसच्या तिच्या घराला पाठ झालं होतं. बारा वाजत आले की तिची आई, चांगुणाबाई, हातातलं काम टाकून फोनजवळ येऊन बसायच्या. एका बुधवारी फोन आला तो थेट संध्याकाळी साडेसहाला. गस्तीवरून यायला उशीर झाला, एवढंच साक्षी म्हणाली. मधल्या वेळात चांगुणाबाईंनी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. फोन ठेवला आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी जावा. बदलीचा अर्ज करायला लावा तिला. असं रोज मरायला माझ्याच्यानं व्हत न्हाई."

भगवानराव पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. अर्ज कुठून कुठं जातो, कुठं अडतो, सगळं ठाऊक. लेकीची निवड झाली तेव्हा गावभर पेढे त्यांनीच वाटले होते, आणि वाघ असलेल्या जंगलात नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा बायकोला धीरही त्यांनीच दिला होता. आपली स्वतःची झोप कधीची उडाली आहे, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते नांदेडला गेले आणि तिथून दोन एसट्या बदलून दिवस मावळायच्या आत राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी उतरले.

साक्षी खाकी कपड्यात घ्यायला आली. वाळली होती, रापली होती. बाप आलेला बघून तिला इतका आनंद झाला की अर्जाचा विषय काढायला त्यांची जीभ रेटेना. सकाळी तिला सुट्टी नव्हती. तिसऱ्या पाणवठ्यातलं पाणी बघून यायचं होतं, पायीच. पण आलाच आहात तर जंगल तरी बघा, असं म्हणून तिने सकाळच्या सफारीत त्यांच्यासाठी जागा करून ठेवली. अकराला चौकीवर भेटायचं ठरलं.

सहाला फाटक उघडलं. सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत जमा झाले. उघड्या जिप्सीत भगवानरावांबरोबर नांदेडचं एक तरुण जोडपं होतं. पुढे ड्रायव्हरशेजारी बजरंग नावाचा गाइड बसला होता, तिथल्याच गावचा. त्याने नियम सांगितले. काही झालं तरी गाडीतून पाय खाली टेकवायचा नाही. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही.

"आन् जे पायी फिरतात त्यांचं?" भगवानरावांनी विचारलं.

ते गार्ड लोक, त्यांना सवय असते, असं म्हणून बजरंगने विषय संपवला.

गारठा होता. गाडी धुळीच्या रस्त्यावरून हळूहळू चालली. चितळांचा कळप दिसला, मोर दिसले, नीलगाय दिसली. नांदेडची बाई प्रत्येक वेळी नवऱ्याचा दंड धरायची. भगवानरावांचं लक्ष जनावरांत नव्हतंच. ते वाटेच्या कडेला माणसाच्या पावलांचे ठसे शोधत होते. या असल्या रानात आपली पोर रोज चालते. कुठं बसत असेल, पाणी कुठं पीत असेल? एवढा बांबू, एवढं गवत, दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

एका वळणावर बजरंगने हात वर केला. गाडी थांबली. धुळीत पंजाचे ठसे होते, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. तेवढ्यात उजवीकडून सांबर ओरडलं. एकदा, मग पुन्हा. बजरंगचा चेहरा उजळला. वाघीण आत्ताच गेली, म्हणाला, तिसऱ्या पाणवठ्याकडे.

 भगवानरावांनी पुढे वाकून बजरंगचा खांदा धरला. "माझी लेक हाय तिथं. गार्ड हाय. आज तिकडंच गेलीय."

बजरंगने त्यांच्याकडे नीट बघितलं. साक्षी मॅडमचे वडील का, असं विचारलं आणि ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगितली. आता त्याच्या बोलण्यातली मजा गेली होती.

पाणवठा रस्त्यापासून शंभरेक पावलांवर होता. मधे मोकळं गवत, आणि डाव्या अंगाला बांबूचं दाट बेट. गाडी थांबली. बजरंगने बोट दाखवलं. बेटाच्या सावलीत वाघीण बसली होती. आधी काहीच दिसेना, मग एकदम सगळी दिसली, नुसते कान हलत होते. नांदेडच्या बाईने तोंडावर हात धरला. तिच्या नवऱ्याने कॅमेरा उचलला. थोडी बाहेर आली तर काय फोटो मिळेल, असं तो पुटपुटला.

आणि पाणवठ्याच्या पलीकडच्या पायवाटेने खाकी कपडे आले. पुढे साक्षी, मागे दत्तराव नावाचा म्हातारा वनमजूर. दोघांच्या हातात काठ्या. वाट सरळ बेटाकडे येत होती. त्यांच्या बाजूने वाघीण दिसणं शक्य नव्हतं.

भगवानराव उठून उभे राहिले. लेकीचं नाव ओठांवर आलं होतं, तोच बजरंगने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"काका, वरडू नका. तुमी वरडले त ती तिकडंच पळन. मॅडमच्या अंगावर."

भगवानरावांनी तोंड मिटलं. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी असं काही केलं नव्हतं. लेक चालत येते आहे, पावलागणिक जवळ, आणि बापाने गप्प उभं राहायचं. त्यांनी जिप्सीचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी आवळला.  मनात कुठलाच शब्द येईना, सकाळ-संध्याकाळ म्हणायची वंदनासुद्धा आठवेना. नुसते आकडे येत होते. चाळीस पावलं राहिली. पस्तीस.

साक्षीने मान वर केली. रस्त्यावर उभी असलेली गाडी तिला दिसली. इंजिन बंद, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. ती जागच्या जागी थांबली. हात मागे करून तिने दत्तरावांना थांबवलं. मग दोघं मागे सरकू लागली. पाठ न फिरवता, तोंड बेटाकडेच ठेवून, एकेक पाऊल. एकदा तिचा पाय दगडाला अडखळला. भगवानरावांचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ती उभीच होती आणि मागे मागे जातच होती.

वाघीण उठली. अंग ताणलं, पाणवठ्याकडे बघितलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, वळली आणि गाडीच्या पुढून रस्ता ओलांडून पलीकडच्या सागात शिरली. कॅमेरा खटखटत राहिला. नांदेडचा माणूस हर्षाने वेडा झाला होता. त्याने भगवानरावांपुढे हात केला. भगवानरावांना दांड्यावरची बोटं उघडता येत नव्हती.

थोड्या वेळाने साक्षी गाडीशी आली. वाघीण कुठून कुठे गेली ते तिने बजरंगला विचारून वहीत लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखं सरळ नव्हतं. बापाकडे तिने एकदाच बघितलं. "चहा घेतलात का?" एवढंच म्हणाली.

अकराला चौकीवर दोघंच होती. भगवानरावांनी शेवटी अर्जाचं काढलं. आईने सांगितलंय म्हणाले, आणि मीही सांगतोय. 

"भेव वाटतं अप्पा," ती म्हणाली. "रोज वाटतं. आज लय वाटलं. म्हणून तर मान वर करून चालते मी. पर मला जायचं न्हाई हितून."

"का?"

"मला हे काम यायलंय अप्पा. तुमी बघितलं ना."

बघितलं होतं.  आईला यातलं काही सांगू नका, असं ती म्हणाली, तेव्हा भगवानरावांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

पण घरी आल्यावर त्यांना खोटं बोलता आलं नाही. चांगुणाबाईंनी ताट वाढलं, समोर बसल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या ठशापासून.  त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"अर्ज?" शेवटी त्यांनी विचारलं.

"न्हाई करत म्हणली."

"आन् तुमी काय म्हणलात?"

"काहीच न्हाई म्हणलो."

चांगुणाबाई चिडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या उठल्या, पाण्याचा तांब्या भरून आणला, पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी येते. ती चालते ती वाट मला बघायचीय."

भगवानरावांनी घास उचलला.