सवय लागायची मुदत

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "महिनाभरात सवय होते. मग वास येतच नाही." घर म्हणजे सरसाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकलेल्या दोन खोल्या. भिंतीपलीकडे सरसासाठी दिवसरात्र जनावरांची हाडं उकळत. पहिल्या दिवशी घास घशाखाली उतरेना.

मला वासापेक्षा सवयीचीच धास्ती जास्त. वास येतोय तोवर मी इथून निघायचं म्हणेन. तो गेला की जन्माची इथलीच झाले. नवरा त्याच कारखान्यात बॉयलरवर, पण शब्दाचा पक्का. म्हणाला, "वर्षभर राहून बघ. तरी वास येत असला, तर दुसरीकडे खोली घेऊ."

मग मी नाक जपायला लागले. दर रविवारी ताईकडे जायचं, दिवसभर तिथली हवा खायची. संध्याकाळी घराचं दार उघडलं की भपकारा आलाच पाहिजे. यायचा, आणि मला ओकारीतही हसू फुटायचं.

ताई बेकरीच्या माडीवर राहते. जिन्यातच ताज्या पावाचा वास. मी म्हणायचे, "काय नशीब गं तुझं!"

"कसला वास? नवीन होते तेव्हा यायचा."

"मग महिनाभर माझ्याकडे येऊन राहा, परत येईल."

"नको बाई. नाही आला तरी चालेल."

दहाव्या महिन्यात भपकारा उशिरा यायला लागला. आधी दारात यायचा, आता चूल पेटवेपर्यंत थांबावं लागे. माझी झोप उडाली.

वर्ष भरलं त्या रविवारी ताईकडून आले, दार उघडलं. काहीच नाही. दोन्ही खोल्यांतून फिरले, मागच्या भिंतीला नाक लावलं. नाहीच. म्हणजे झाली सवय! तेवढ्यात नवरा आला. हातात एक कागद, त्यावर बघून ठेवलेल्या खोलीचा पत्ता.

"काय गं, येतो का वास?"

"येतो की! डोकं उठलंय नुसतं." मी नाकाला रुमाल लावला.

त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अगं, बॉयलर सकाळपासून बंद आहे. दुरुस्ती चाललीय. टाक्यासुद्धा धुऊन काढल्या. आज वास कुठून येणार?"

तो रागावला नाही. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं कागदाची घडी घातली. "सवय झाली म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं," म्हणाला.

माझं नाक खरं बोलत होतं, खोटं मीच बोलले. हे मी त्याला शपथेवर सांगितलं. हट्टी पोराची समजूत काढावी तशी त्यानं मान हलवली.

सकाळी त्यानंच जाऊन बॉयलर पेटवला. तासाभरात असा भपकारा आला की मी तोंड दाबून मोरीकडे धावले. "येतोय!" मी ओरडले. "आई, खरंच वास येतोय हो!"

"हो गं," सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मलासुद्धा अजून कधीकधी आल्यासारखा वाटतो."