पहिली निरगाठ

उच्चार

"नाव?" वॉचमनने विचारलं.

"निरू."

"पूर्ण?"

"पूर्णच आहे."

थाप होती, पण खपली. वॉचमनने मान हलवली आणि ती जिना चढू लागली. पूर्ण नाव सांगितलं की पुढे काय होतं ते तिला पाठ होतं. माणसं आधी "काय?" म्हणतात. मग हसतात. मग आपण हसलोच नाही असा चेहरा करतात. हा तिसरा चेहरा तिला सगळ्यात जास्त लागायचा.

बाळांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. पर्समध्ये फोन थरथरला. होणाऱ्या नवऱ्याचा मेसेज: 'प्रेसवाला थांबलाय. संध्याकाळपर्यंत सांग. काय छापायचं?'

अर्थ

गाठी दोन प्रकारच्या. एक टोक ओढलं की सुळकन सुटते ती सुरगाठ. ओढाल तितकी आवळत जाते ती निरगाठ. शब्द सरळ आहे, घराघरांत आहे. पण शब्द घरात असणं वेगळं आणि तो पोरीच्या नावाच्या जागी असणं वेगळं.

शाळेत हजेरी घेताना बाई दरवर्षी तिच्यापाशी अडखळायच्या. मागच्या बाकावरच्या मुलांनी एकदा तिची वेणी बाकाला बांधून टाकली होती. "सोड की आता, तुझीच बहीण आहे!" चष्म्याच्या दुकानात कामाला लागली तेव्हा मालक म्हणाला, "गिऱ्हाइकांसमोर निरूच बरं." तेव्हापासून ती निरू. काड्या बसव, काचा घास, नखाच्या टोकावर मावणारे स्क्रू फिरव. बोटं अशी स्थिर की म्हातारी माणसं मुद्दाम तिच्याच टेबलापाशी थांबायची.

आणि काल होणाऱ्या सासूबाई लग्नाच्या कार्डाचा नमुना समोर धरून म्हणाल्या होत्या, "अगं, गाठ म्हणजे डॉक्टरला दाखवायची गोष्ट! कार्डावर कशाला? नीरजा करू या. जवळचंच आहे. चारचौघांत शोभेल आणि कुणाला कळणारही नाही."

बाई वाईट नव्हत्या. हसून बोलल्या होत्या, बशीतली बिस्किटंही पुढे केली होती. म्हणून तर नाही म्हणता आलं नाही.

उगम, बाबा सांगतात तसा

बाबा पार्सल ऑफिसात होते. आयुष्यभर सुतळी आवळण्यात गेलं, त्यामुळे गाठ या गोष्टीला ते कधीच हसले नाहीत.

"तू वेळेच्या फार आधी आलीस. आई तापाने फणफणलेली, खालच्या वॉर्डात. तू वरती, काचेच्या उबदार पेटीत. मी मधल्या जिन्यावर. वर आलो की सगळ्या नर्सा म्हणायच्या, निरगाठने आज दूध पचवलं, निरगाठचं वजन वाढलं, निरगाठ रात्रभर त्रास देत होती. मला वाटलं, अशा मुलांना नाव दवाखानाच देतो. पद्धत असेल. मग तो जन्माची नोंद करणारा माणूस आला, म्हणाला, नाव ठरलंय का? मी म्हटलं, ठरलंय म्हणजे काय, चालू पण झालंय."

आई शुद्धीवर आली तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अहो, पोरीचं नाव आहे की पार्सलचं?"

"आता बदलू नको," बाबा म्हणाले होते. "तिला त्या हाकेची सवय झालीय. घाबरेल."

आणि काल कार्डाचं ऐकल्यावर तेच बाबा म्हणाले, "बदल. माझी ना नाही. पण ज्यांनी दिलं त्यांना सांगून बदल. परस्पर नको."

उगम, सिस्टर सांगतात तसा

मोठी सिस्टर बुटकी होती. वॉर्डात सगळे तिला मोठी म्हणायचे ते नोकरीच्या वर्षांवरून. पायात रबरी चपला, आणि नाकावरच्या चष्म्याची एक काडी जखमेच्या चिकटपट्टीने गुंडाळलेली. नमस्काराच्या आधी निरूची नजर त्या काडीवरच गेली.

"कोण पाहिजे?"

"मी… पार्सलवाल्यांची मुलगी."

सिस्टरने चष्मा वर-खाली केला. "अगं बाई! दाताचं काय झालं? सायकलवरून पडली होतीस ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुझे बाबा दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला फोन करतात की. बस. चहा घेणार? नको घेऊस, आमचा चहा म्हणजे औषधच."

ठरवून आणलेलं बोलणं तिने बाजूला ठेवलं. काहीतरी हाताला हवं म्हणून ती म्हणाली, "चष्मा द्या जरा." पर्समधला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला, चिकटपट्टी सोलली, आणि स्क्रू बसवता बसवता, मान खाली घालूनच, कार्डाचं सगळं सांगून टाकलं.

"बदल की मग," सिस्टर म्हणाली. "नाव म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ आहे?"

तिचं बोट थांबलं. सिस्टर चिडेल, निदान हिरमुसेल असं तिला वाटलं होतं.

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"मला? अगं, मी काही बारसं नव्हतं केलं तुझं. इथे प्रत्येक बाळाच्या पायाला फीत बांधतो, नंबराची. सुरगाठ मारायची, म्हणजे रोज सैल करून कातडी बघता येते. तुझा पाय माझ्या करंगळीएवढा. सुरगाठ घसरायची. सकाळी बांधावी तर दुपारी फीत पेटीत पडलेली. वैतागून मी खाली कापूस घातला आणि वर निरगाठ मारली. म्हटलं, बघू आता कशी सुटतेस! नर्सा हसल्या, तेच नाव पडलं. त्यात अर्थबिर्थ काही नव्हता. सोय होती."

"म्हणजे एवढंच?"

"एवढंच. तुझ्या बाबांनी ते घरी नेलं, ही त्यांची करामत. घरी जाताना आम्ही फीत कापतो. तुझी कापली, नाव तेवढं कापायचं राहिलं." सिस्टरने हात पुढे केला. "झाला का चष्मा? वा. आता जग तिरकं नाही."

लहानपणापासून जी गोष्ट सांगितली जात होती तिच्या मुळाशी एक वैतागलेली नर्स आणि घसरणारी फीत. तिला हलकं वाटायला हवं होतं. नीरजा. छापून टाकू. ती उठली.

प्रसार

तेवढ्यात आत एक यंत्र वाजू लागलं आणि धाकट्या नर्सने हाक मारली, "मोठ्या सिस्टर! निरगाठला बघा जरा!"

ती चमकून वळली. "काय?"

सिस्टर केव्हाच उठली होती. रबरी चपलांचा आवाजही न होता ती काचेपलीकडे पोचली, पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि दोन बोटांनी एक इवलासा तळपाय हलक्या टिचक्या मारत चोळू लागली. घाई अजिबात नव्हती. पेटीशेजारच्या स्टुलावर बाळाची आई बसली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. सिस्टर बाळाशी बोलत होती, नेहमीच्या भांडणाच्या सुरात: "श्वास घ्यायला विसरलीस? आळशी कुठली. घे. घे म्हणते ना. हां, असा."

यंत्राचा आवाज बंद झाला. सिस्टर बाहेर डोकावली.

"दचकलीस? तुझ्यानंतर पद्धतच पडली. वॉर्डात जे सगळ्यात नाजूक पिल्लू, ते निरगाठ. एक घरी गेलं की नाव पुढच्याला."

"सगळ्या घरी गेल्या?"

सिस्टरने नुकताच दुरुस्त झालेला चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "घरी गेल्या त्यांना घरच्यांनी छान छान नावं ठेवली."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांना हेच एक मिळालं."

तिने काचेतून पेटीकडे पाहिलं. बाहेरच्या जगात हे नाव लावणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. आणि इथे, या काचेआड, ते रोज कुणाला ना कुणाला हाक मारायला वापरलं जात होतं.

"ये आत," सिस्टर म्हणाली. "हात धू. कोपरापर्यंत. नखं पण."

पुन्हा उच्चार

स्टुलावरच्या बाईने मान वर केली. तिच्या डोळ्यांत झोप आणि भीती यांची खिचडी झाली होती.

"ताई, तुम्ही कोण?"

वॉचमनला सांगितलेलं उत्तर जिभेवर होतं.

"निरगाठ," ती म्हणाली.

बाई हसली नाही. "काय?" असंही म्हणाली नाही. ती उठून उभी राहिली. "त्या तुम्ही? सिस्टर सांगतात त्या, दात पडलेल्या? चष्म्याच्या दुकानातल्या?" आणि मग ती हिच्याकडे पाहू लागली, डोक्यापासून पायापर्यंत, मग पुन्हा वर, शिंप्याने माप घ्यावं तशी. एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे.

"एवढी होते?" तिने सिस्टरला विचारलं.

"एवढी होते. वर लग्नपण करते. सरका जरा."

मघाच्या हालचालीत बाळाच्या पायावरची फीत निघून कापसाच्या गादीवर पडली होती. सिस्टरने नवी फीत कापली. पाय खरोखरच करंगळीएवढा होता, कातडी इतकी पातळ की आतलं निळं दिसत होतं. सिस्टरने कापूस ठेवला, फीत दोनदा गुंडाळली, पहिला वेढा घातला आणि थांबली.

"तुझा हात स्थिर आहे. बोट धर इथे. दाबायचं नाही, फक्त धरायचं."

तिने दुसऱ्या खिडकीतून हात आत घातला. बोटाच्या टोकाशी ऊब लागली. त्या उबेखाली काहीतरी टिकटिकत होतं, तिच्या दुकानातल्या सगळ्यात लहान स्क्रूपेक्षाही लहान काहीतरी.

बाहेर सिस्टरच्या टेबलावर ठेवलेल्या पर्समध्ये फोन वाजू लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.

"घ्यायचाय का?" सिस्टरने विचारलं.

"नंतर. त्याला एवढंच सांगायचंय, चार अक्षरं आहेत, अख्खी छाप."

सिस्टरने वर पाहिलं नाही. दुसरा वेढा घातला, दोन्ही टोकं धरली.

"काढ आता. हळूच."

तिने बोट काढलं, आणि गाठ बसली.