गोतास काळ? मी नव्हे!

मी एक जुना दांडा आहे, मित्रांनो. कुऱ्हाडीचा. हे वाचताच तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी टुणकन उभा राहील आणि म्हणेल, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!’ बस खाली, बाळा. ती म्हण मी तुझ्या आजोबांच्या आधीपासून ऐकतोय. दांडा लाकडाचा असतो आणि तोच कुऱ्हाडीला मिळून आपल्या भाऊबंदांना तोडतो, असा तिचा अर्थ. अर्थ बरोबर आहे. पण मला न विचारता केलेली म्हण आहे ती, आणि ती मी कधीच मान्य केलेली नाही.

माझा जन्म लोणी भापकरच्या माळावरच्या बिरोबाच्या बनातला. चहूकडे कुसळी गवताचा पिवळा माळ, आणि मध्ये ओढ्याच्या काठानं सालई, धावडा, पळस, बहावा, मोई अशी दाटीनं उभी असलेली झाडं. कुणी लावलेली नाहीत, कुणी पाणी घातलेलं नाही. मी तिथल्या धावड्याची फांदी होतो. एका वळवाच्या वाऱ्यात मोडून पडलो. सावळाराम नावाचा मेंढपाळ आला. त्यानं देवाला विचारलं, मग मला खांद्यावर टाकून बनाबाहेर आणलं आणि तिथं बसून तासलं. आत का नाही तासलं? कारण या बनात लोखंड जात नाही. बनाच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. कोयता, विळा, कुऱ्हाड, जे असेल ते तिथं ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं.

सावळारामानं मात्र एक गंमत केली. त्यानं माझी पाचर मुद्दाम ढिली ठोकली. बनाशी आला की तो मला दगडावर आपटायचा, पातं निसटायचं, ते दगडावर राहायचं आणि मी त्याच्या हातात काठी होऊन आत जायचो. लोखंड बाहेर, लाकूड आत. बाहेर आल्यावर पातं बसवायचं, पाचर ठोकायची, पाण्यात भिजवून फुगवायचं आणि मेंढरांसाठी बाभळीचा पाला पाडायचा. सावळाराम गेला तसा मी त्याच्या बायकोकडे, सारजाबाईकडे आलो. लोक तिची चेष्टा करायचे, ‘आक्का, तुमची कुऱ्हाड डोकं काढून देवाला जाती का?’ ती म्हणायची, ‘व्हय. डोकं घिऊन जाणारी मानसं लई बघितली. त्यांच्यापरीस ही बरी.’

पुढं कालव्याचं पाणी आलं. माळाच्या खालच्या अंगाला बारमाही हिरवागार ऊस उभा राहिला. सारजाबाईची मेंढरं गेली, चार शेळ्या उरल्या. माझ्या अंगाला तिच्या तळहाताचा चकचकीतपणा तेवढा राहिला.

आता मुद्द्याचं सांगतो. यंदाच्या चैत्रात प्राथमिक शाळेची निकिता मॅडम मुलांना बन दाखवायला घेऊन आली. वाट दाखवायला सारजाबाई, आणि तिच्या हातात मी. दगडापाशी गडबड उडाली. कुणी कंपासपेटी काढून ठेवली, कुणी किल्ली. प्रतीक्षा नावाची एक चुणचुणीत मुलगी डबा छातीशी धरून उभी.

‘आजी, माझा डबा स्टीलचा आहे. चालंल का?’

‘भुकेला लोखंड म्हनत न्हाईत,’ सारजाबाई म्हणाली. ‘आन आत.’

बनात एकाही झाडावर पान नव्हतं. पाचोळा पोटरीपर्यंत. मुलं आधी हिरमुसली, मग एकेकाला दिसायला लागलं. पानं नव्हती म्हणूनच दिसलं सगळं! सालईच्या ढोलीतून डोळे वटारून बघणारा पिंगळा. उघड्या फांदीवर ऊन खात पडलेली घोरपड. ओढ्याच्या ओल्या वाळूत तरसाचं पाऊल. टुक टुक करत बसलेला तांबट. पलीकडच्या कडेला एक चिंकारा मान वर करून थबकला. मी सारजाबाईच्या हातात होतो, पण छाती माझीच फुगली होती. ही माझी माणसं, मित्रांनो. माझं गोत.

मुलं बाहेर आली, तर दगडापाशी आप्पासाहेब उभे. गावातले बागायतदार, जत्रेच्या कमिटीचे प्रमुख. मनानं वाईट नाहीत. देवावर खरी श्रद्धा. ते मॅडमला उत्साहानं सांगू लागले, ‘उद्या मशीन येतंय बघा. लोखंडाचं म्हनाल तर देवाला नारळ फोडू. हे वाळलेलं समदं काढून टाकायचं. हिरवळ लावू, शोभेची झाडं लावू, बारमाही. सेल्फी पॉइंट बी हाय प्लॅनमधी.’

माझ्या अंगात जणू पाचर ठोकली.

‘वाळलं न्हाय आप्पा, निजलंय,’ सारजाबाई म्हणाली.

‘आक्का, काडी काडी झालीय. देव उन्हात बसलाय आपला!’

‘देवानं तुमाला सांगितलं व्हय, उकडतंय म्हनून?’

मुलं हसली. आप्पासाहेबही हसले, पण हट्टाला पेटले. दगडाच्या अलीकडे, म्हणजे बनाबाहेर, एक सालई एकटीच उभी आहे. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘आत न्हाय जात. हिच्यावरच घाव घालून दावतो. आत कोरडं ठणठणीत निघंल. द्या तुमचा दांडा.’

‘आनि वलं निघालं तर?’

‘तर मशीन मिरगापतुर थांबवतो. मिरगाला पान दिसलं न्हाय, तर मग मधी पडायचं न्हाय.’

‘आनि पान दिसलं तर?’

‘तर तुमचा दांडा डोक्यावर घिऊन नाचतो!’

आणि मित्रांनो, सारजाबाईनं मला देऊन टाकलं. एवढ्या वर्षांची सोबत, आणि सरळ हात पुढं केला! फक्त मुलांकडे वळून म्हणाली, ‘पोरांनो, लांब व्हा. पार तिकडं, बाईंच्या मागं.’

आप्पासाहेबांनी दगडावरचं पातं उचललं आणि माझ्यावर चढवलं. भिजवणं नाही, ठोकणं नाही. उसाच्या कोयत्याची सवय. त्याची मूठ पक्की असते; माझी पाचर ढिली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मला वर उचललं. समोर सालई. लहानपणी बनाच्या कडेला मी तिच्या समोरच वाऱ्यावर हललेलो. आणि मला ती म्हण ऐकू आली. त्या क्षणी मी ठरवलं: नाही. तुमच्या पुस्तकात काय लिहायचं ते लिहा, मी नाही.

घाव खाली आला. मी अंग आवळून घेतलं. पातं तिरकं सरकलं, सालीचा एक पापुद्रा तेवढा सोलला आणि भिरभिरत जाऊन दूर घाणेरीच्या झुडपात पडलं. आप्पासाहेबांच्या हातात नुसता मी!

‘आप्पा, तुमच्या कुऱ्हाडीचं डोकं उडालं!’ प्रतीक्षा ओरडली.

लोक म्हणतात पाचर ढिली होती. असेल. मी म्हणतो मी नकार दिला. सारजाबाईला पाचर ठाऊक होती, की मी ठाऊक होतो, हे तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

पापुद्र्याखाली सालई हिरवीगार होती, पोपटासारखी. चिकट डिंक पाझरत होता. आप्पासाहेबांनी बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

‘हा तर आपल्या देवळातला वास,’ ते हळूच म्हणाले. ‘माझी आय धूप जाळायची त्यो.’

‘मग? धूप काय सेल्फी पॉइंटातनं येतोय?’ सारजाबाई म्हणाली. तिनं ओली माती घेतली आणि सालईच्या जखमेवर लिंपली. मशीन आलं नाही.

मृग लागायच्या आधीच, आभाळात ढगाचा टिपूस नसताना, सालईच्या टोकांना तांबूस पालवी फुटली. मग धावड्याला, मग मोईला. एका सकाळी आप्पासाहेब एकटेच आले. इकडंतिकडं बघितलं, चपला काढल्या, सारजाबाईच्या हातून मला घेतलं, डोक्यावर धरलं आणि धनगरांच्या गजीनृत्यातल्यासारखी एक गिरकी घेतली. पाहणारे दोघंच, सारजाबाई आणि पिंगळा. ‘कुनाला सांगू नका, आक्का,’ ते म्हणाले. तिनं सांगितलं नाही. मी सांगतोय.

पातं अजून घाणेरीत गंजत पडलंय. सारजाबाईनं ते शोधलं नाही. मी आता नुसती काठी आहे आणि मुलांना बन दाखवायला पुढं असतो.

मित्रांनो, एवढंच मागतो. भर उन्हात उघडं झाड दिसलं तर त्याला मेलं म्हणू नका. बारा महिने हिरवं राहायला ते काही कालव्यावरचा ऊस नाही. मिरगापर्यंत थांबा. आणि परीक्षेत ती म्हण आली, तर अर्थ नीट लिहा, मार्क घ्या. फक्त कंसात एक ओळ वाढवा: अपवाद, सारजाबाईचा दांडा.