यास्नाची शिदोरी

एदेल्मिराच्या घरात दर सहामाहीला एक परदेशी पोर राहायला यायचं. विद्यापीठ पाठवायचं, ती ठेवून घ्यायची. बहुतेक पोरं कानात गाण्यांची बोंडं घालून यायची आणि कानात बोंडं घालूनच परत जायची. जेवायला हाक मारली की नुसती मान डोलवायची, ताट खोलीत मागायची आणि सहामाही संपली की 'पाऊस' आणि 'छान' एवढे दोन शब्द पदरात पाडून मायदेशी जायची. एदेल्मिरा त्यांना मनातल्या मनात फुलदाण्या म्हणायची. ठेवल्या जागी राहतात, पाणी तेवढं घालायचं. तिला अशीच पोरं बरी वाटत, कारण ती काही विचारत नसत.

मग डेन्मार्कची सिग्ने आली.

सिग्नेने आल्या दिवशीच कानातली बोंडं काढून टेबलाच्या खणात टाकली. तिच्या थोरल्या बहिणीने तिला निघताना बजावलं होतं: शिकायला चाललीयस तर आपल्या लोकांत घोटाळू नकोस, घरच्यांबरोबर जेव, चुकत चुकत बोल, तिथली माणसं करतात ते सगळं कर, आणि ज्या घरात राहशील त्या घराचे आवाज ऐक. पोरगी शब्दाला पक्की. शेगडीत लाकडं कशी रचायची ते शिकली, नदीकाठच्या बाजारात कोळणीशी घासाघीस करायला शिकली, धक्क्यावर लोळणाऱ्या समुद्रसिंहांना शिव्या घालायलासुद्धा शिकली. जून उजाडेपर्यंत ती चिलीतल्या या वाल्दिवियाच्या माणसांसारखी अर्धे शब्द गिळून बोलू लागली होती. एदेल्मिराला ती मावशी म्हणायची.

आणि विचारायची. ज्या खोलीत ती झोपायची ती कुणाची, कपाटातला निळा स्वेटर कुणाचा, भिंतीवर नकाशा कुणी लावला. एदेल्मिरा ठरलेलं उत्तर द्यायची: माझ्या मुलीची, यास्नाची. ती कॅनडात असते, शिकायला गेलीय. पहिल्या वर्षीच्या फुलदाणीने विचारलं तेव्हा हे वाक्य तिच्या तोंडून असंच निसटलं होतं. पण बोलल्यावर छातीवरचा दगड जरा हलल्यासारखा झाला. तेव्हापासून दर सहामाहीला नवीन पोर आलं की यास्ना पुन्हा कॅनडाला जायची. गल्लीतल्या सगळ्यांना खरं माहीत होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही. धाकटी बहीण नेल्दा तेवढी अधूनमधून टोचायची, पण तीही दार लावून.

खरं असं होतं की यास्नाची कॅनडाची तयारी पुरी झाली होती. बॅगसुद्धा भरून ठेवली होती. निघायच्या आठवड्यात ती शेवटची पुस्तकं परत करायला म्हणून सायकलवरून गेली, आणि गोदीच्या वळणावर लाकडाच्या ट्रकखाली आली. नेल्दाच्या नवऱ्याने त्या जागी पत्र्याचं छप्पर घालून छोटीशी घुमटी बांधली, कारण अपघातात गेलेल्याचं शरीर तेवढं स्मशानात जातं, जीव जिथे सांडला तिथेच राहतो, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं. एदेल्मिरा स्मशानातही गेली नाही आणि घुमटीवरही गेली नाही. बाजारातून येताना ती वळणाच्या अलीकडेच बसमधून उतरायची आणि टेकडीची पायवाट धरायची. गुडघ्यांना व्यायाम होतो म्हणायची, आणि घरी आल्यावर त्याच गुडघ्यांना तेल चोळत बसायची.

जूनमधल्या एका संध्याकाळी दोघी शेगडीपाशी चहा-पावाला बसल्या होत्या. एदेल्मिरा अंडी सोलत होती. यास्ना कशी सोलायची ते तिने सिग्नेला हसत हसत सांगितलं. नावेतून सहलीला गेल्यावर सगळी पोरं टरफलं नदीत फेकत, ही बया मात्र एकेक टरफल कागदात घालायची, कागदाच्या चार घड्या करायची आणि वर मिठाची रिकामी पुडी कानासारखी पिळून खोचायची. जसं काही सरकारात पाठवायचंय.

सिग्ने हसली. मग गुपित फोडल्यासारखी पुढे झुकली.

"मावशी, मला कळलंय हं. तुम्ही तिला भेटायला जाणार आहात ना?"

"कुणाला?"

"यास्नाला. म्हणून तर इंग्रजी शिकताय. पहाटे ऐकते की मी. कपाटामागच्या भिंतीतून येतो आवाज. एकच वाक्य घोकताय, अगदी हळू. 'मला थंडीची सवय आहे.' उच्चार छान आहे तुमचा."

एदेल्मिराच्या हातातलं अंडं बशीत पडलं. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आणि कपाटामागच्या भिंतीपलीकडे खोलीच नव्हती. घर तिथे संपत होतं, पलीकडे फक्त पाऊस आणि खाली नदी. पण ते वाक्य ती ओळखत होती. कॅनडात पोरगी काकडून मरेल म्हणून तिनेच जीव खाल्ला होता, तेव्हा यास्ना चिडवायला आरशासमोर उभी राहून तेच वाक्य इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणायची आणि मग अर्थ सांगायची. एदेल्मिरा रेडिओ असेल असं काहीतरी पुटपुटली आणि शेगडीत उगाच लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून जिन्यावर बसू लागली. घोंगडी पांघरून, श्वास रोखून. पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा, सिग्नेचं कूस बदलणं ऐकू यायचं, दुसरं काही नाही. आणि चहाच्या वेळी सिग्ने सहज म्हणायची, आज जरा लवकर सुरू केलंत मावशी. एदेल्मिराला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. तिला मत्सर वाटत होता. जिला नऊ महिने पोटात वाढवलं ती परक्या पोरीशी बोलते आणि आईशी नाही, हे तिला सहन होईना.

शेवटी तिने नेल्दाला सांगितलं. नेल्दा सुया बाजूला न ठेवता विणत राहिली.

"ताई, तूच तर येणाऱ्या पोरांना सांगतेस ना की ती कॅनडात आहे म्हणून? मग ती बिचारी या घरात तुझ्याशी बोलणार कशी? तूच तिला दाराबाहेर काढलंयस."

एदेल्मिरा पंधरा दिवस बहिणीशी बोलली नाही.

जुलैत सिग्नेची इतिहासाची तोंडी परीक्षा होती. बाकी सगळ्यात पोरगी धीट, पण चार मास्तरांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की तिची बोबडी वळायची. परीक्षेहून आली ती मात्र नाचतच. पास झाली होती. एदेल्मिराने सफरचंदाचा केक, इथला कुखेन, केला होता. सिग्नेने तोंडात घास असतानाच सांगून टाकलं की आता तिला एक नवस फेडायचाय.

"वर्गातली सगळी परीक्षेआधी तिथे जातात. गोदीच्या वळणावर. तिला 'विद्यार्थिनी' म्हणतात सगळे, परीक्षेला आणि प्रवासाला पावते म्हणे. मीपण मेणबत्ती लावली. लोक करतात ते सगळं करायचं असं ठरवलंय ना मी."

एदेल्मिराने सुरी खाली ठेवली. काय बोललीस नवस, असं तिने विचारलं.

"सगळे आभाराची पाटी बोलतात. पण पाट्या तर ढिगाने आहेत तिथे. फोटो धुऊन गेलाय, नाव पाट्यांमागे दडलंय. पोरं म्हणाली, एवढी माणसं येतात पण तिची आई कधीच येत नाही. मला वाईट वाटलं, मावशी. मग मी म्हटलं, पास झाले तर तुझ्याकडे एक आई घेऊन येईन. म्हणजे तुम्ही. माझी इथली आई तुम्हीच ना?"

एदेल्मिरा उठली, गुडघे दुखतात म्हणाली, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसली.

दोन दिवस तिने गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं. सिग्नेने हट्ट केला नाही. आता निघायला फार दिवस उरले नव्हते. ती म्हणाली, मी एकटीच जाऊन सांगून येते तिला, समजून घेईल. पण मेलेली माणसं नवसाच्या बाबतीत समजून घेत नाहीत. बोलला नवस फेडला नाही तर बोलणाऱ्यालाच भोवतो, आणि ही विद्यार्थिनी तर प्रवासाचीच. खाटकाच्या मुलाने पाटी बोलून लावली नव्हती, तर त्याची बॅग उत्तरेला अरीकाला गेली आणि तो दक्षिणेला, ही गोष्ट गावात अजून हसून सांगतात. एदेल्मिराला हसू आलं नाही. तिच्या घरातून दुसरी पोरगी प्रवासाला निघाली होती.

अखेर नेल्दा स्वतःच वर चढून आली. उंबऱ्यातच उभी राहिली, आत आली नाही.

"ताई, तू जाऊ नकोस हवं तर. आठ वर्षं नाही गेलीस, कुणी फासावर चढवलं नाही. पण त्या पोरीला तसंच विमानात बसवणार असशील तर उद्या माझ्या दारात रडत येऊ नकोस. तुला सावरणं मला एकदाच जमलं."

एदेल्मिराने घोंगडी उचलली, डोक्याला रुमाल बांधला आणि सिग्नेला हाक मारली.

वळणावर धुकं नदीतून वर येत होतं. घुमटी तिला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. कोंबड्यांच्या खुराड्याएवढी. पण भोवती पाट्या, पेन्सिली, वह्या, कुणा एकाच्या पदवीच्या टोपीचा गोंडासुद्धा. पास केल्याबद्दल आभार. शिष्यवृत्ती मिळाली, आभार. सुखरूप पोचले, आभार. एदेल्मिरा एकेक पाटी वाचत गेली. आपण आठ वर्षं परक्या पोरांना सांगत होतो की पोरगी अभ्यासात फार गुंतलीय, फोन करायला वेळ नसतो. आणि पोरगी खरंच गुंतलेली होती, घरापासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षा देत, भिजत. एदेल्मिराला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

तिने पाट्या बाजूला सारल्या. मागे नेल्दाच्या नवऱ्याने खिळ्याने कोरलेलं नाव होतं. सिग्नेने ते वाचलं, ओठांतल्या ओठांत.

"यास्ना ओयार्सो," ती म्हणाली. "पण मावशी, यास्ना तर कॅनडात..."

"नाही गं. इथपर्यंतच पोचली."

ज्या पलंगावर आपण झोपलो, ज्या भिंतीला कान लावून हसलो, ते सगळं सिग्नेला एकदम उमगलेलं दिसलं. तिने एदेल्मिराचा हात घट्ट धरला. मग एदेल्मिरा चिखलात गुडघे टेकून बसली, त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर. तिने घोंगडी काढून पत्र्यावर पांघरली आणि कडा आत खोचल्या.

"आले गं बाई," ती म्हणाली. "थंडीची सवय आहे म्हणे. मोठी आलीस सवयवाली."

त्यानंतर ती बराच वेळ रडली. रस्त्यावरून जाणाऱ्या बसने वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला.

दुसऱ्या पहाटे सिग्नेने तिला खोलीत बोलावून घेतलं. दोघी पलंगावर भिंतीला पाठ टेकून बसल्या. उजाडलं, शेजारचा कोंबडा आरवला, पाव विकणाऱ्याची गाडी चढण चढून गेली. भिंतीतून काहीच आलं नाही. सिग्नेलाही ऐकू आलं नाही. त्यानंतरच्या पहाटेही नाही. सिग्ने माफी मागितल्यासारखी म्हणाली, नवस फिटला बहुतेक. एदेल्मिराने मान हलवली. एकदा, फक्त एकदाच तिला तो आवाज ऐकायचा होता, आणि आता तो कुणालाच ऐकू येणार नव्हता. घर इतकं शांत तिला कधी वाटलं नव्हतं. अपघाताच्या दिवशीही नाही.

सिग्नेची सांतियागोची बस सकाळची होती. एदेल्मिराने उठून अंडी उकडली, घरचा पाव कापला, कोंबडीचा तुकडा ठेवला, मिठाची पुडी बांधली. बाहेरगावी निघालेल्याला इथे कुणी शिदोरीशिवाय पाठवत नाही, मग त्याला विमानात चार वेळा का जेवायला मिळेना. बांधून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की शिदोऱ्या दोन झाल्यात. तिने दुसरी सोडली नाही.

स्टँडवर सिग्ने तिच्या गळ्यात पडून रडली, पोचल्यावर फोन करीन म्हणाली. बस हलेपर्यंत एदेल्मिरा हात हलवत उभी होती. हे तिने कधी केलं नव्हतं, यास्नासाठी करायचं राहून गेलं होतं. परतताना ती वळणावरच उतरली. घोंगडीची एक कड उचलून तिने दुसरी शिदोरी आत ठेवली आणि म्हणाली, "वेळेवर खा. आणि नीघ आता, गाडी चुकेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिग्नेचा फोन आला, सुखरूप पोचले म्हणून. एदेल्मिरा नेल्दाला घेऊन वळणावर गेली. शिदोरीची पिशवी रिकामी होती. नेल्दा म्हणाली, कुत्र्यांनी नेलं असणार, गोदीवरची कुत्री काय सोडतात. एदेल्मिराने वाद घातला नाही. ती वाकली आणि घोंगडीखालून एक कागद काढला. त्याच्या नीट चार घड्या होत्या. आत अंड्यांची टरफलं होती, सगळी, आणि वर मिठाची रिकामी पुडी कानासारखी पिळून खोचलेली होती.

नेल्दाने ते पाहिलं आणि ती खाली रस्त्याच्या कडेला बसली. एदेल्मिराने कागद तसाच रुमालात बांधला, पत्र्यावरची घोंगडी काढून झटकली आणि बहिणीला हात देऊन उठवलं. घोंगडी आता तिथे कुणाला लागणार नव्हती.